जुलैतला एक दिवस, सातारा ते मिरज

सकाळी ६.३०. साताऱ्यात पावसाची रिपरिप चालूच आहे. जुलै म्हणजे आमच्या धंद्यातली घाई. २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतल्या यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र मालकाने जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. ते आमच्यासारख्या परवानाधारक एजन्सीने तपासणी करून द्यायचं.

९.४५. कराड, पेठ नाका, आष्टा, सांगली करत मिरज. एका हॉस्पिटलात पंप सुरू करून पाहिला, होजला दाब आहे, सिलिंडरचे काटे हिरव्यात आहेत. इथवर सगळं ठीक.

११. नवजात बालकांच्या कक्षाबाहेर छताला नवं चकचकीत पॅनेल लागलंय. कंत्राटदार उरलेल्या तुकड्याला लायटर लावून दाखवतो. “साहेब, पेटतच नाही. बघा की!” खरंच, लायटर काढला की ज्योत विझते. मी तो तुकडा घेऊन मागच्या अंगणात जातो. तांब्याची तार तापवायची, पॅनेलला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवीगार होते. क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. ते सहज पेटत नाही हे खरं. पण शेजारी दुसरं काही जळत असलं की तापून हायड्रोजन क्लोराइड सोडतं. ओलाव्याला लागताच त्याचं आम्ल होतं, डोळे मिटतात, घसा आवळतो. समोरचं दार दिसत नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेतले पृष्ठभागांचे चार वर्ग ज्वाला किती पसरते यावर ठरतात. ज्वाला मंद म्हणून धूर सौम्य, असं मुळीच नाही.

धुराची चाचणी वेगळी असते. आयएसओ ५६५९-२ मध्ये ७५ मिलिमीटरचा चौकोनी तुकडा बंद पेटीत तापवतात आणि आरपार सोडलेला प्रकाश किती अडतो ते मोजतात. त्याच धुरातले कार्बन मोनॉक्साइड, सायनाइड, क्लोराइडही मोजता येतात. हा अहवाल पुरवठादाराकडे मागणारं गिऱ्हाईक मला क्वचित भेटतं.

हॉस्पिटलच्या डॉक्टर मॅडमना मी भंडाऱ्याची आठवण करून देतो. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा बाळं गेली. तीन भाजून, सात धुराने गुदमरून. इनक्यूबेटरमधलं बाळ पळणार कुठे? मॅडम बराच वेळ छताकडे बघत राहतात. मग विचारतात, “काढायला किती दिवस लागतील?”

दुपारी ३. सांगलीत विश्रामबागला एक मंगल कार्यालय. आषाढी होऊन गेली, चातुर्मासात मुहूर्त नाहीत, काम काढायला हीच वेळ. आवाज घुमू नये म्हणून स्टेजमागे कापडाखाली पीयू (पॉलियुरेथेन) फोम चिकटवलाय. जळताना तो कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सोडतो. पहिला वायू रक्तातली ऑक्सिजनची जागा बळकावतो, दुसरा पेशींना उरलेला ऑक्सिजन वापरू देत नाही. मालक खर्चावर अडतात. मी म्हणतो, “मामा, निदान बाहेर पडायच्या वाटेवरचा तरी आधी काढा. तिथे रॉकवूल लावू.” वाटेपुरतं ते कबूल करतात. स्टेजचं मी सोडणार नाही, दिवाळीआधी पुन्हा येणार आहे.

रात्री ९. घरी अहवाल लिहितोय. हॉस्पिटलच्या यंत्रणांना ‘चालू’ लिहिलं. खाली वेगळा परिच्छेद: कक्ष आणि मार्गिकेतलं पीव्हीसी छत काढून जिप्सम बोर्ड लावावं, वायरी छतातून जिथे आत शिरतात ती भोकं अग्निरोधक लेपाने बुजवावीत, यापुढे आतल्या सजावटीचा कोणताही माल धुराच्या चाचणीचा अहवाल पाहिल्याशिवाय घेऊ नये. प्रत मॅडमना, एक कंत्राटदाराला.