सुधारणेच्या पाट्या आणि कामगाराचे डोके

ठाणे-बेलापूर पट्ट्यात दिघ्यापासून शिरवण्यापर्यंत कोणत्याही बऱ्या कारखान्यात जा, भिंतीवर पाट्या दिसतात. एकीवर फाइव्ह एस, दुसरीवर कायझेन, तिसरीवर लीन, चौथीवर सिक्स सिग्मा. आपल्या वस्त्यांतील अनेक मुले-मुली या पाट्यांखाली मशीन चालवतात, पॅकिंग करतात. अर्थ विचारला तर "साहेब येणार असले की झाडलोट" असे उत्तर मिळते. दोष त्यांचा नव्हे. त्यांना कोणी समजावून सांगितलेलेच नाही.

कायझेन म्हणजे काम करणाऱ्याने रोज थोडी थोडी सुधारणा करीत जाणे. मासाआकी इमाई यांच्या १९८६ च्या पुस्तकामुळे हा जपानी शब्द जगभर गेला. लीनचे मूळ टोयोटात. तेथील ताइइची ओनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले, आणि नुसते वाट पाहत उभे राहणे हा त्यांतलाच एक. सिक्स सिग्मा मोटोरोला कंपनीतली. तिचे माप दहा लाख संधींमागे ३.४ चुका. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ साली 'द गोल' या कादंबरीतून अडथळ्याचा सिद्धांत मांडला.

अडथळा आपल्याला वेगळा शिकवायला नको. ६ डिसेंबरला चैत्यभूमीची रांग आपण सर्वांनी अनुभवली आहे. मागच्यांनी कितीही घाई केली तरी स्तूपाच्या दारातून माणसे ज्या गतीने पुढे जातात, त्याच गतीने रांग सरकते.

आता कारखान्याचा हिशेब पाहा. समजा लेथवर तासाला ६० नग होतात, ड्रिलवर ४० आणि रंगकामात २५. आठ तासांत तयार माल २०० नग. लेथवाल्याला बक्षीस देऊन त्याचा वेग ८० वर नेला तरी माल २००च; मधला ढीग तेवढा वाढतो. ताळेबंदात हा ढीग मालमत्ता म्हणून दिसतो. आम्ही बी.कॉम. झालेली माणसे तो आकडा नीट मांडतो, मालकही खूश होतो. रोकड मात्र त्यात अडकते आणि सात तारखेचा पगार पंधरा तारखेवर जातो.

म्हणून या पद्धती सुट्या सुट्या लावून भागत नाही. आधी अडथळा शोधायचा, येथे तो रंगकाम. रंगारी हँगरसाठी, भट्टीसाठी किती वेळ खोळंबतो हे लीनच्या नजरेने पाहायचे. २५ पैकी ५ नग पुन्हा रंगवावे लागत असतील तर सिक्स सिग्माची मोजमापे तेथेच लावायची. झालेली सुधारणा टिकवायला फाइव्ह एस आणि कायझेन. रंगकाम ४५ वर गेले की अडथळा ड्रिलवर सरकतो, मग तेथून पुन्हा सुरुवात.

हे आपल्याकडे होत नाही असे नाही. महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ साली जपानचे डेमिंग पारितोषिक मिळाले. ते मिळवणारी ती जगातली पहिली ट्रॅक्टर कंपनी.

खरा प्रश्न वेगळाच आहे. कामगाराच्या सूचनेने दोन माणसांचे काम वाचले, तर त्या दोघांचे काय? जो स्वतःच्या शेजाऱ्याला घरी बसवणार, तो सूचना कशाला देईल? टोयोटातही १९५० साली कामगार कपातीवरून मोठा संघर्ष झाला आणि किइचिरो टोयोडा यांना अध्यक्षपद सोडावे लागले. पुढे १९६२ साली युनियन आणि व्यवस्थापन यांनी परस्पर विश्वासाच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्याकडे पाट्या आल्या, तो करार राहून गेला. कंत्राटी कामगाराकडून डोके वापरण्याची अपेक्षा करायची आणि सहा महिन्यांनी त्याला बदलायचे, हे आम्हाला पटत नाही. युनियनने सुधारणेच्या बैठकीत बसावे आणि "यामुळे कपात नाही" हे आधी लेखी घ्यावे.

रबाळे-पावण्याला गाळा घेऊन चार मशीन चालवणाऱ्या आपल्या तरुणांसाठी आणखी एक माहिती. केंद्राची एमएसएमई लीन योजना मार्च २०२३ मध्ये सुरू झाली. तीत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकारचा, आणि मालक महिला किंवा अनुसूचित जाती-जमातीचा असल्यास ५ टक्के अधिक, अशी तरतूद करण्यात आली. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतील बौद्धही यात मोडतात. मात्र उद्यम नोंदणी हवी, आणि जातीचा दाखला कपाटातून काढून ठेवावा.