विषुववृत्तावरची उसळ

सिंगापूरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी लाल चवळी समजून भलतंच कडधान्य घरी आणलं. पाकिटावर ‘रेड बीन’ लिहिलेलं, दाणा चवळीएवढा, तांबडाबुंद, कडेला पांढरी रेघ. गोडा मसाला, आमसूल, ओलं खोबरं घालून रीतसर उसळ केली. पहिल्या घासाला लेक म्हणाली, “आई, गूळ जास्त पडला का गं?” गूळ चिमूटभरच होता. तो दाणा अडझुकीचा होता. इथले होक्किएन बोलणारे त्याला ‘आंग टाउ’ म्हणतात आणि त्याचं गोड सार किंवा पुरण करतात. वनस्पतिशास्त्राच्या वंशावळीत तो आपल्या घरचाच निघतो. मूग, मटकी, उडीद, चवळी आणि हा अडझुकी, सगळे ‘विग्ना’ या एकाच कुळीतले. आता मी त्याची उसळ मुद्दाम करते, गूळ वगळून आणि आमसूल वाढवून.

इथे कडधान्य निवडायचं म्हणजे आधी नावांचा गुंता सोडवायचा. सुपरमार्केटातलं ‘ग्रीन बीन’ म्हणजे शेंगा नव्हेत, अख्खे मूग. मलय भाषेत ‘काचांग’ या एका शब्दात कडधान्यं, शेंगा, शेंगदाणे सगळेच मावतात. बर्फाचा रंगीत डोंगर असतो त्या ‘आइस काचांग’च्या तळाशी खरोखरच अडझुकीचे दाणे असतात. ‘काचांग पुते’ म्हणजे शब्दशः पांढरा दाणा. तमिळ फेरीवाले पूर्वी डोक्यावर पाट्या घेऊन कागदाच्या पुडीत चणे-दाणे विकायचे, त्या खाऊचं हे नाव. आपल्या चणे-फुटाणेवाल्याचा हा सख्खा भाऊ.

आपल्या ओळखीचं सामान मिळतं ते सेरंगून रोडच्या परिसरात, टेक्का मार्केटच्या आसपास आणि सय्यद अल्वी रोडवरच्या ‘मुस्तफा’ या दुकानात. पण पाट्या बऱ्याचदा तमिळ नावांच्या. ‘कोळ्ळु’ म्हणजे कुळीथ, ‘पच्चै पयरु’ म्हणजे मूग, ‘कारामणि’ म्हणजे चवळी, ही तीन नावं मी आधी पाठ केली. ‘मोच्चै’ पाहून वाल मिळाल्याच्या आनंदात मी पाकीट उचललं, तर तो निघाला पावट्यासारखा थोराड दाणा. जात एकच, पण कडव्या वालाचा कडवटपणा त्यात औषधालाही नाही. आमटीला चांगला, बिरड्याला निरुपयोगी.

नावं जमली तरी दाणा शिजेलच असं नाही, आणि मला छळलं ते यानेच. पुण्यात अर्ध्या तासात लोण्यासारखा होणारा राजमा इथे शिट्ट्यांमागून शिट्ट्या होऊनही दाताखाली कचकच करायचा. मी कुकरची रिंग बदलली, गॅसला बोल लावला. दोष होता दाण्याच्या वयाचा आणि हवेचा. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम 137 किलोमीटरवर आहे. बारा महिने तापमान तिशीच्या आसपास आणि हवेतली आर्द्रता सरासरी 80 टक्क्यांच्या वर. अशा उबट दमटपणात महिनोन्महिने पडलेल्या दाण्यातलं फायटेट हळूहळू मोडतं आणि त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मोकळं होतं. ते पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला जाऊन घट्ट बांधतं. मग दाणा पाणी पिऊन टम्म फुगतो, पण मऊ काही होत नाही. गणंग वेगळा. त्याची सालच पाणी आत घेत नाही, रात्रभर भिजूनही तो खडा तो खडाच राहतो. तो निदान सकाळी बोटाला लागतो आणि वेचून टाकता येतो. फुगून फसवणारा दाणा मात्र ताटात आल्यावरच कळतो.

म्हणून आता पाकीट आधी उलटं करून बघते. तळाशी पीठ किंवा चुरा, दाण्याला टाचणीएवढं भोक, सालीवर सुरकुत्या, काबुली चण्याला तपकिरी झाक, यातलं काहीही दिसलं की परत ठेवते. पाकीट भरल्याची तारीख ही पिकाची तारीख नसते, हेही लक्षात ठेवलेलं बरं. अर्धा किलोच आणायचं. तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवलं की भुंग्याची अंडी मरतात, मग घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये. मार्चच्या उन्हात वाळवून, राखेत घोळून वर्षाचं भरणारी माझी आजी या अर्धा किलोला हसली असती.

भिजवतानाच मीठ घाला, हे सांगितलं की सासूबाई अजून माझ्याकडे संशयाने बघतात. मिठाने दाणा कडक होतो ही आपली जुनी समजूत. प्रत्यक्षात मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा पुरतो, आणि ते पाणी ओतून द्यायचं. खरा अडथळा आंबटाचा. चिंच, आमसूल, टोमॅटो दाणा शिजल्यावरच. खायच्या सोड्याने काम पटकन होतं खरं, पण बी-1 जीवनसत्त्व जातं आणि उसळीला साबणाची चव येते. मी सोडा घालत नाही. शिवाय इथे राजमा-छोले ओट्यावर रात्रभर ठेवले तर सकाळी पाण्याला फेस आणि आंबूस वास, म्हणून भिजवण्याचं पातेलं सरळ फ्रीजमध्ये.

राजम्याची एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. अर्धवट शिजलेले थोडे दाणेसुद्धा काही तासांत जोरदार उलट्या घडवतात. निदान पाच तास भिजवून, पाणी टाकून, ताज्या पाण्यात खळखळून उकळलं की ते नष्ट होतं. दहा मिनिटं ही कमीत कमी, अर्धा तास अधिक सुरक्षित. कुकरमध्ये ही काळजी उरत नाही. काळजी स्लो कुकरची, जो इथे सूपसाठी कितीतरी घरांत असतो. त्याच्या मंद आचेवर पाणी उकळीपर्यंत न पोचल्यास विष उलट वाढू शकतं. कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तोही याच जातीचा. त्यालाही हाच नियम.

मोडांच्या बाबतीत मात्र या हवेने माझं भलं केलं. पुण्यात डिसेंबरात मटकीची पुरचुंडी शालीत गुंडाळावी लागायची. इथे सकाळी बांधली की रात्री शेपट्या हजर. एक दिवस जास्त ठेवली तर बुळबुळीत, म्हणून दर सात-आठ तासांनी धुवायची. हीच ऊब जंतूंनाही मानवते. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई-कोलायने पन्नासहून अधिक माणसं दगावली, तेव्हापासून मी मोड कच्चे खात नाही, एक वाफ तरी देतेच. बाजारात मिळणारे लांबसडक पांढरे ‘टाउगे’ हेही मुगाचेच मोड, अंधारात वाढवलेले. लाक्सा या इथल्या नूडल्सच्या रश्श्यात ते छान कुरकुरतात. मी एकदा त्यांची मिसळ केली. नुसतं पाणी सुटलं.

कडवे वाल मात्र पुण्याहूनच येतात, कपड्यांच्या घड्यांत दडून. रात्री भिजवायचे, सकाळी बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायचे. लेक चिमटीत दाबते आणि डाळिंबी सुटून थेट टीव्हीखाली जाते. टेक्कातून खवलेला ओला नारळ, फोडणीत हिंग-जिरं, वर झाकणात पाणी. या उसळीला कुकर नको, डाळिंबी अख्खी राहायला हवी.

या वर्षीचे पाव किलो उरले आहेत. भाऊबीजेला काढीन.