भाजणी एक, गाड्या तीन!

दोस्तांनो, दिवाळीत घरी फराळ होताना पाहिलाय ना? भाजणी एकच. सोऱ्यातून पाडली की चकली, हाताने वळली की कडबोळं! पण डब्यात हात घातल्यावर तुमची कधी गफलत होते का? छे, मुळीच नाही!

मोटारींचे कारखानेही हीच युक्ती वापरतात. गाडीचा तळ, चाकांची जोडणी, इंजिनाची जागा हे सगळं एकदाच आखायचं आणि त्यावर वेगवेगळ्या गाड्या उभ्या करायच्या. या सामाईक पायाला म्हणतात 'प्लॅटफॉर्म'. प्रत्येक गाडीसाठी तो नव्याने करायचा तर खर्च अफाट!

आता अमेरिकेत चला. १९७३ आणि १९७९ साली तेलाची टंचाई झाली. तिथल्या लांबलचक आलिशान गाड्या पेट्रोल ढोसायच्या. त्यांचं इंजिन पुढे, पण जोर मागच्या चाकांना. तो पोचवायला गाडीच्या पोटाखालून लांब दांडा जायचा. जनरल मोटर्स कंपनीच्या इंजिनिअरांनी मग इंजिन आडवं बसवलं आणि जोर पुढच्याच चाकांना दिला. दांडा गेला, बॉनेट आखूड झालं. गाडी जवळजवळ दोन फुटांनी लहान झाली, तरी आत ऐसपैस जागा!

या एकाच प्लॅटफॉर्मवर १९८४ साली तीन गाड्या बाजारात आल्या : कॅडिलॅक डेव्हिल, ब्यूक इलेक्ट्रा आणि ओल्ड्समोबाइल नाइन्टी-एट. युक्ती तर झकास होती. मग बिघडलं कुठे?

बिघडलं सोऱ्यात! पाया सारखा होताच, पण वरचा आकारही जवळपास सारखाच ठेवला. कॅडिलॅकला जास्त पैसे मोजायचे आणि ती शेजाऱ्याच्या ब्यूकसारखी दिसायची, हे कुणाला आवडेल?

लिंकन ही कॅडिलॅकची प्रतिस्पर्धी. १९८५ च्या सुमारास तिने टीव्हीवर एक मजेदार जाहिरात दाखवली. श्रीमंत मंडळी आपापली गाडी मागवतात आणि गाड्या आणून देणाऱ्या पोऱ्यांचा नुसता गोंधळ उडतो. कुठली कॅडिलॅक, कुठली ब्यूक, काही कळेना! लिंकनवाला मात्र ऐटीत निघून जातो.

शेवटी १९८९ च्या मॉडेलमध्ये कॅडिलॅक डेव्हिल पुन्हा लांब करण्यात आली, तिला वेगळं रूप देण्यात आलं.

प्लॅटफॉर्म वाटून घेण्याची पद्धत आजही जगभर चालते, कारण ती मुळात चांगलीच आहे. फक्त काय वाटून घ्यायचं आणि काय स्वतःचं ठेवायचं, हे ओळखता आलं पाहिजे. भाजणी एक असली तरी चालेल हो, पण चकली चकलीसारखी दिसायला हवी. पटतंय ना?