पेद्रो कासालदालिगा : भूमिहीनांचे बिशप

पेद्रो कासालदालिगा यांचा जन्म 1928 मध्ये स्पेनमधील कॅटलोनियात, बाल्सारेनी गावी झाला. क्लॅरेशियन संघाचे हे धर्मगुरू 1968 मध्ये ब्राझीलला गेले. स्पेनला ते पुन्हा कधीच परतले नाहीत. 1971 मध्ये माटो ग्रोसो राज्यातील साओ फेलिक्स दो अरागुआया येथे ते बिशप झाले. रत्नजडित अंगठीऐवजी तुकुम ताडाच्या बियांची साधी काळी अंगठी त्यांनी वापरली.

त्याच वर्षी त्यांनी काढलेले पाळकीय पत्र म्हणजे बड्या जमीनदारांवरील थेट आरोपपत्रच होते. वेठबिगारी आणि आदिवासींच्या जमिनींची लूट त्यात उघड केली होती. ब्राझीलमधील तेव्हाच्या लष्करी राजवटीने त्यांना हद्दपार करण्याचे प्रयत्न केले, जिवे मारण्याच्या धमक्या तर नेहमीच्याच. ऑक्टोबर 1976 मध्ये रिबेराओ बोनितो येथील पोलीस ठाण्यात दोन स्त्रियांचा छळ चालला होता. तो थांबवायला गेलेल्या कासालदालिगांच्या शेजारीच जेझुइट धर्मगुरू जोआओ बोस्को बुर्निएर यांना पोलिसाने गोळी घातली. लोकांनी नंतर ते ठाणेच पाडून टाकले.

आदिवासींसाठी 1972 मध्ये आणि भूमिहीनांसाठी 1975 मध्ये स्थापन झालेल्या चर्चच्या दोन संघटनांच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. त्यांचे सर्वांत टिकाऊ काम हेच. ते कवीही होते. गरीब आणि शोषितांच्या मुक्तीला केंद्रस्थानी मानणाऱ्या मुक्तिदायी धर्मशास्त्राच्या पुरस्कारामुळे 1988 मध्ये रोमने त्यांची चौकशी केली. 2005 मध्ये ते निवृत्त झाले. शावांते आदिवासींच्या जमिनीच्या हक्काची बाजू घेतल्याने 2012 मध्ये, वयाच्या 84व्या वर्षी, त्यांना काही काळ घर सोडावे लागले. 8 ऑगस्ट 2020 रोजी त्यांचे निधन झाले. अरागुआया नदीकाठच्या, आदिवासी आणि मजुरांच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.