घरीं घडविलेली गिटार

सतार व तंबोरा यांची ज्यांना ओळख आहे अशा घरांत गिटार आतां परकी राहिलेली नाहीं. परंतु हें वाद्य विकत न आणतां घरींच घडवावें असें म्हटल्यास पुष्कळांस तें धाडसाचें वाटेल. वास्तविक ज्यास रंधा व पटाशी बेतानें चालवितां येतात आणि ज्याच्या अंगीं धीर आहे, त्यास हें काम अशक्य नाहीं. मात्र प्रारंभींच एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गिटारीचा कंठ तिच्या वरच्या फळींत असतो.

हें ज्यानें सिद्ध केलें तो आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) हा स्पेन देशांतील आल्मेरिया येथील सुतार होय. उत्तरायुष्यांत चिनी मातीच्या भांड्यांचें दुकान चालवीत असतांही तो घरीं गिटारी घडवीत असे. १८६२ सालीं त्यानें एका गिटारीची पाठ व कडा चक्क कागदी पुठ्ठ्याच्या केल्या. वरची फळी तेवढी उत्तम स्प्रूस लांकडाची ठेविली. तरीही तिच्या नादाची ऐकणाऱ्यांनीं वाखाणणी केली. ती आज बार्सेलोना येथील संगीतसंग्रहालयांत आहे.

तेव्हां नवशिक्यानें खर्च करावयाचा तो वरच्या फळीवर. स्प्रूसची, सरळ व दाट रेघांची फळी घ्यावी. पाठीस व कडांस कोणतेंही सुकलेलें चांगलें लांकूड चालतें. ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर १९९२ सालीं आंतरराष्ट्रीय बंदी आली. तिच्या जागीं आपली भारतीय शिसवी जगभर वापरली जाते. घरांत मोडकें शिसवी कपाट असल्यास त्याच्या मुरलेल्या फळ्या टाकूं नयेत.

खरी परीक्षा पुढेंच आहे. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण ४० किलोंच्या घरांत असतो, आणि तो सोसणारी फळी असते अवघी अडीच मिलिमीटर जाडीची. जाड ठेवावी तर आवाज कोंडतो, पातळ करावी तर ती घोडीपाशीं वांकते. म्हणून तोरेस फळीच्या आंतल्या अंगास पंख्याच्या काड्यांप्रमाणें पसरलेल्या सात बारीक पट्ट्या चिकटवीत असे. फळी बोटानें ठोकून ऐकत रंधा चालवावा आणि आवाज खुला होऊं लागतांच थांबावें. रंध्यानें गेलेलें लांकूड परत येत नाहीं.

कडांच्या दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या भिजवून तापलेल्या लोखंडी नळीवर सावकाश वळवाव्या. पडदे बसविणें हें मात्र गणिताचें काम. सतारीचे पडदे सरकवितां येतात, गिटारीचे कायमचे रुततात. तारेची मोकळी लांबी ६५० मि.मी. असल्यास तीस १७.८१७ नें भागावें; पहिला पडदा वरच्या टोकापासून सुमारें ३६.५ मि.मी. वर येतो. उरलेल्या लांबीस पुनः त्याच अंकानें भागीत जावें. बारावा पडदा बरोबर मध्यावर, म्हणजे ३२५ मि.मी. वर आला कीं हिशेब जमला.

आपल्या हवेंत आणखी एक पथ्य पाळावें. पावसाळ्यांत लांकूड फुगतें. तेव्हां जोडलेली फळी कोरड्या दिवसांत आक्रसून उभी तडकते. म्हणून पाऊस सरल्यावर, हवेंतील आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास असतांना जोडकाम करावें. महिना दोन महिने थांबावें लागलें तरी तो वेळ फुकट जात नाहीं. तोंवर एखाद्या हलक्या फळीवर रंध्याचा हात बसवावा.