माशांना पापण्या नसतात

अंधाऱ्या खोलीत टाकीचा दिवा एकदम लावला की निऑन टेट्रा सैरावैरा पळतात, काचेवर आपटतात. हा भित्रेपणा नव्हे. त्यांना पापण्या नसतात आणि बहुतेक माशांची बाहुली आपल्यासारखी चटकन आकसत नाही. प्रखर उजेडाशी जुळवून घ्यायला डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींना आणि रंगद्रव्याला जागचे हलावे लागते, आणि त्याला बराच वेळ जातो. म्हणून आधी खोलीतला दिवा लावा किंवा पडदा सारा, अर्ध्या तासाने टाकीचा. रात्री मालवताना उलट क्रम: टाकीचा आधी, खोलीचा नंतर.

निऑन टेट्रा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथल्या ओढ्यांवर झाडांची दाट सावली असते आणि कुजलेल्या पानांमुळे पाणी चहासारखे तपकिरी दिसते. त्याला पांढऱ्या वाळूवर उघड्या एलईडीखाली ठेवणे म्हणजे भर दुपारी माळरानावर उभे करणे. गडद वाळू, तरंगत्या वनस्पती, लपायला लाकडाचा तुकडा एवढ्याने तो खूप निवांत होतो. कोकणात सर्रास दिसणाऱ्या देशी बदामाची वाळलेली, फवारणी न झालेली पाने धुऊन टाकली तर पाण्यालाही तसाच रंग चढतो.

दिवसाला आठ ते दहा तास उजेड पुरे. वेळ टायमरवर सोपवा. रात्रभर शोभेसाठी दिवा चालू ठेवू नका, माशांनाही विश्रांतीला अंधार लागतो. सकाळी निऑन फिकट दिसला तर घाबरू नका. अंधारात त्याचा रंग उतरतो आणि उजेडात थोड्या वेळाने परततो.