वेगाचे यंत्रशास्त्र – ६ : शर्यत सेकंदांची, उष्णता तासांची

ड्रॅग शर्यतीचे रूप अगदी साधे असते. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या, समोर पाव मैलाची म्हणजे ४०२ मीटरची सरळ पट्टी. हिरवा दिवा लागला की सुटायचे. १९५१ मध्ये अमेरिकेत नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन झाली आणि या खेळाला नियमांची चौकट मिळाली. पेट्रोलवर चालणारी हौशी स्पर्धकाची चांगली गाडी हे अंतर दहा-एक सेकंदांत कापते. मागच्या आठवड्यात टायरची पकड पाहिली. आज प्रश्न आहे इंजिनाच्या कूलिंगचा. त्यावर दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणते, दहा सेकंदांत इंजिन तापून तापणार किती, रेडिएटरचे ओझे हवेच कशाला? दुसरे म्हणते, इंजिन सहाशे अश्वशक्तीचे, तर रेडिएटरही तेवढाच दांडगा हवा. दोघांचेही लक्ष धावेच्या दहा सेकंदांवर खिळलेले आहे. ड्रॅग गाडीच्या कूलिंगचा खरा कस दोन धावांमधल्या वेळेत लागतो. ते चांगले की वाईट हे इंजिन किती गार राहते यावरून ठरवू नये. दर वेळी ते ठरलेल्या तापमानाला परत येते का, हे पाहावे.

आधी हिशेब मांडू. ६०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ४५० किलोवॅट. ही ताकद पूर्ण दहा सेकंद मिळाली असे धरले, तर काम होते साडेचार मेगाज्यूल. धातूत आणि पाण्यात मुरणारी उष्णता ढोबळमानाने याच्या निम्मी, म्हणजे सव्वादोन मेगाज्यूल धरू. बारा लिटर पाणी एका अंशाने तापवायला ५० किलोज्यूल लागतात आणि दोनशे किलो बिडाला सुमारे ९०. म्हणजे रेडिएटर नसला, तरी एका धावेत सरासरी तापमान पंधरा-सोळा अंशांनीच चढेल. याउलट, ४० अश्वशक्ती खर्चून दहा मिनिटे बोरघाट चढणारी साधी मोटार १८ मेगाज्यूल काम करते, म्हणजे ड्रॅग गाडीच्या चौपट. तिला आपली उष्णता चढता चढताच हवेत टाकावी लागते. ड्रॅग गाडीतले पाणी त्या दहा सेकंदांत रांजणाचे काम करते : उष्णता साठवून ठेवायची, ती बाहेर टाकण्याचे नंतर पाहू. इंजिन बांधणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. सिलिंडरच्या भिंतींना बळकटी यावी म्हणून त्यांच्यापैकी काही जण ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा खालून निम्म्यापर्यंत सिमेंटसारख्या मिश्रणाने कायमच्या बुजवतात. एवढे पाणी घालवूनही धाव सुखरूप पार पडते.

अडचण येते ती धावेच्या आधी आणि नंतर. रांगेत ताटकळणे, टायर तापवण्यासाठी बर्नआउट करणे, मग दिव्यांपुढे इंचाइंचाने पुढे सरकणे, या सगळ्या वेळात इंजिन चालू असते आणि रेडिएटरमधून वारा जवळपास वाहत नाही. धाव संपवून इंजिन बंद केल्यावर तर काटा आणखी वर चढतो. कारण सोपे आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवतीचा धातू पाण्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो आणि त्याची उष्णता आता थबकलेल्या पाण्यात उतरू लागते. पाण्याचा पंप पट्ट्यावर चालणारा असेल, तर इंजिनाबरोबर तोही थांबलेला असतो. मग हेडमधल्या अवघड कोपऱ्यांत वाफेचे कप्पे तयार होतात, आणि वाफ धातूची उष्णता पाण्याइतकी उचलत नाही. म्हणूनच या गाड्यांवर विजेवर चालणारा पंप आणि पंखा दिसतो. पिटमध्ये आल्यावर इंजिन बंद, बॉनेट उघडे, बॅटरीला चार्जर लावलेला आणि पंप-पंखा सुरू, ही तिथली नेहमीची पद्धत. इंजिनावरचा पट्ट्याचा भार हलका झाल्याने थोडी ताकद वाचते, हा वरचा नफा.

यातला ‘ठरलेल्या तापमानाचा’ मुद्दा ब्रॅकेट शर्यतीत सर्वात स्पष्ट दिसतो. तिथे स्पर्धक आपली गाडी किती सेकंदांत पोचेल ते आधी जाहीर करतो आणि त्या आकड्यानुसार संथ गाडीला आधी सोडले जाते. जाहीर वेळेपेक्षा लवकर पोचणे हा तिथे दोष. समोरच्याने त्याहून मोठी चूक केली नाही, तर गाडी बाद. साहजिकच सकाळी ६० अंशांवर सुटलेले इंजिन दुपारी ८५ अंशांवर सुटले, तर जाहीर केलेल्या आकड्यावर भरवसा उरत नाही. त्यात बाद फेरीचे गणित आणखी पेच टाकते. दर फेरीला गाड्या निम्म्या होतात, तशी दोन धावांमधली विश्रांतीही आटत जाते. पहिल्या फेरीनंतर निवांत गार होणाऱ्या गाडीला उपान्त्य आणि अंतिम फेरीच्या मध्ये जेमतेम काही मिनिटे मिळतात. म्हणजे निर्णायक धाव जवळ येते, तशी कूलिंगची परीक्षा कडक होते.

यावर पहिला आक्षेप असा की, प्रो स्टॉकसारख्या वर्गात जाहीर वेळेची भानगड नाही. तिथे पहिला पोचेल तो जिंकतो, मग इंजिन जमेल तितके गारच ठेवावे. यात निम्मे तथ्य आहे. आत येणारी हवा दहा अंशांनी गार झाली, तर तिची घनता तीनेक टक्क्यांनी वाढते. म्हणूनच काही हौशी स्पर्धक धावांच्या मध्ये इनटेक मॅनिफोल्डवर बर्फाच्या पिशव्या ठेवतात. हेड गार असले तर पेट्रोल अवेळी पेटून होणारे नॉकिंगही टळते. पण थंड तेल दाट असते आणि ते ढवळण्यात ताकद जाते. शिवाय पिस्टनचे ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे पिस्टन आणि सिलिंडर यांमधली फट ही तापलेल्या इंजिनाचा विचार करून ठेवलेली असते. थोडक्यात, हवा गार, तेल गरम आणि पाणी मधल्या कुठल्यातरी नेमक्या अंशावर, असा हा मेळ आहे. तो अंश चाचण्यांतून सापडतो. आणि इंधन किंवा इग्निशनमध्ये केलेल्या बदलाचा गुण आला की नाही, हे दोन्ही धावा एकाच तापमानावरून सुटल्या तरच कळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : नायट्रोमिथेनमध्ये थोडे मिथेनॉल मिसळून जाळणाऱ्या टॉप फ्यूएल गाड्यांच्या ब्लॉकमध्ये पाण्याच्या वाटाच नसतात, मग पेट्रोलच्या गाडीला पाणी हवे कशाला? उत्तर इंधनात आहे. पेट्रोलचा एक भाग जाळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, मिथेनॉलला सुमारे साडेसहा, तर नायट्रोमिथेनला अवघी १.७. वाफ होताना एक किलो पेट्रोल ३५० किलोज्यूलच्या आसपास उष्णता शोषते, मिथेनॉल १,१०० च्या. दोन्ही गोष्टी जमेस धरल्या, तर तेवढ्याच हवेमागे मिथेनॉल पेट्रोलच्या सातपट गारवा देते आणि नायट्रोमिथेन दहापटीहून अधिक. तिथे इंधनच कूलंटचे काम करते. शिवाय त्या गाड्या धावतात फक्त १,००० फूट, तेही चार सेकंदांच्या आत, आणि प्रत्येक धावेनंतर त्यांचे इंजिन खोलून नव्याने बांधले जाते. पेट्रोल इंजिनाला इंधनाकडून असा गारवा मिळत नाही आणि हौशी स्पर्धकाला दर फेरीला इंजिन उघडणे परवडत नाही.

मग पाणी कोणते आणि कसे? निम्मे ग्लायकॉल मिसळलेल्या कूलंटपेक्षा नुसते पाणी सहाव्या हिश्शाने अधिक उष्णता साठवते. शिवाय ग्लायकॉल सांडले की पट्टी निसरडी होते, म्हणून अनेक ठिकाणी त्याला बंदीच असते. उतू जाणारे पाणी पट्टीवर पडू नये, यासाठी किमान अर्ध्या लिटरच्या आसपासचा डबा बसवावा लागतो. रेडिएटरच्या झाकणाने एक बारचा दाब धरला, तर पाणी शंभरऐवजी १२० अंशांजवळ उकळते. डेन्व्हरजवळची, २०२३ च्या हंगामानंतर बंद झालेली बँडिमियर पट्टी सुमारे ५,८०० फुटांवर होती. तिथे उघडे पाणी ९४ अंशांनाच उकळे आणि विरळ हवा रेडिएटरमधून उष्णताही कमी नेई. हवामानाचाही असाच परिणाम होतो. पाणी ६० अंशांवर आणायचे असेल आणि हवा २० ऐवजी ३५ अंशांची असेल, तर तापमानातला फरक ४० वरून २५ वर येतो. तोच रेडिएटर मग जवळपास पाच-अष्टमांश वेगाने काम करतो.

म्हणून रेडिएटर निवडताना अश्वशक्तीचा आकडा दुय्यम ठरतो. भर दुपारी, शेवटच्या दोन फेऱ्यांमधल्या अपुऱ्या वेळात, इंजिन बंद असताना, बॅटरीच्या बळावर पंप आणि पंखा ठरलेला अंश गाठून देतात का, एवढे तपासावे. तिथे पुरी पडणारी व्यवस्था धावेच्या दहा सेकंदांत आपोआप पुरते.

(पुढील लेखांकात : टायर तापवणारा बर्नआउट किती लांबवावा?)